दोन्हीकडे पहारेकरी

"पोरी, ह्या फुलाचं डोकं कुठाय?"

कांबुरेतात्यांनी मागावरून कापून घेतलेला हातभर पट्टा माझ्या नाकासमोर धरला. काठावर रुईफुलांची ओळ होती. सुरुवातीची फुलं देवाला वाहावीत अशी सुरेख. पुढे मात्र एकाची वरची पाकळी गायब, आणि त्याच्या शेजारच्याला देठावर देठ.

"आणि हे बघ, ह्येला दोन देठं. एकाचं डोकं काढून दुसऱ्याला देठ लावलंय व्हय तुमच्या मशिननं?"

मी मल्लिनाथकडे बघितलं. तो मागाशेजारी उकिडवा बसून आमच्या पेटीकडे टक लावून होता.

"बघतो," तो म्हणाला.

मल्लिनाथ हत्तरगी हा माणूस दिवसभरात साधारण एवढंच बोलायचा. चहा घेणार का, बघतो. उद्या सुट्टी आहे का, बघतो. घराला आग लागली म्हणून सांगितलं असतं तरी त्याने आधी 'बघतो' म्हटलं असतं आणि मग बादली शोधली असती. आणि मी अशी, की माझ्या आईच्या शब्दांत सांगायचं तर, झोपेतही माझी जीभ तेवढी जागी असते. मगदूम अण्णांच्या कारखान्यात आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. मध्ये प्लायवूडची एक आडभिंत होती. तिच्यावरून मी बोलायची आणि पलीकडून उत्तर आलं तर यायचं.

अण्णांचा मूळ धंदा इचलकरंजीतल्या मागांच्या मोटारी गुंडाळून देण्याचा. आमच्या नादी लागून त्यांनी डॉबीसाठी इलेक्ट्रॉनिक पेटी बनवायला घेतली. डॉबी म्हणजे मागाच्या डोक्यावरचं ते यंत्र, जे ताण्याचे उभे धागे वरखाली करून नक्षी काढतं. जुन्या डॉबीत नक्षी बदलायची तर लाकडी पट्ट्या आणि खिळे बदलत बसावं लागे. आमच्या पेटीत पडद्यावर बोट ठेवलं की रुईफुलाची जागा करवतकाठ घेणार होता. घेणार होता, म्हणजे असं आम्ही तात्यांना सांगितलं होतं.

तात्यांनी हो म्हटलं तर त्यांच्या सगळ्या मागांवर आमच्या पेट्या बसणार होत्या, आणि तात्यांनी बसवल्या की गल्ली बसवणार होती. नाही म्हटलं, तर अण्णांनी आधीच बजावलं होतं, "मग शलाका, आपलं जुनंच बरं. मोटारी गुंडाळू." मोटारी गुंडाळण्यात माझा काही उपयोग नव्हता. पुण्यात एका कंपनीने दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी देऊ केली होती. सोमवारी त्यांना उत्तर द्यायचं होतं. मला पुण्याला जायचं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "पेटीत जीव अडकलाय माझा."

"पाच वाजता जॉबर येतोय," तात्या म्हणाले. जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. "तवर फुलाला डोकं आलं तर ठीक. न्हाईतर जुनी डॉबी चढवून घेतो. माग उभा ठेवून मला परवडत न्हाई, बाई."

"चल बघू," मी स्वतःलाच म्हणाले आणि बाह्या सरसावल्या.

आता त्या पेटीत काय होतं ते सांगायला हवं, म्हणजे पुढची गंमत कळेल. पेटीत कॉम्प्युटर एकच, पण त्यावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम वेगवेगळा संसार थाटून राहत होत्या. एका घरात दोन भाऊ वेगळे निघावेत आणि मध्ये भिंत घालावी, तसं. एक बाजू मल्लिनाथची. छोटी, चपळ, कामापुरती. बाण्याचा धागा घेऊन धोटा आडवा गेला की दर खेपेला कुठले धागे उचलायचे ते क्षणात ठरवणारी. दुसरी बाजू माझी. पडदा, रंग, नक्षीचा संग्रह, बटणं, सगळा थाटमाट. मुद्दामच भिंत अशी घातली होती की माझ्या बाजूला चक्कर आली तरी त्याच्या बाजूचा माग चालू राहावा. कुणी कुणाच्या भांड्यांना हात लावायचा नाही.

पण एका छपराखाली राहायचं म्हणजे बोलावं तर लागतंच. म्हणून मेमरीचा एक लहानसा तुकडा सामाईक ठेवला होता. आम्ही त्याला कोनाडा म्हणायचो. भिंतीला आरपार कोनाडा असावा, या बाजूने वस्तू ठेवावी, घंटा वाजवावी, त्या बाजूने उचलावी. त्या कोनाड्यावर आम्ही एक लाइनही बांधली होती. पूर्वी दोन कॉम्प्युटर तारेने जोडून एकावर टाइप केलेलं दुसऱ्यावर पोचायचं ना, तशीच. फक्त इथे तार नव्हती. या भावाने कोनाड्यात अक्षरं ठेवायची, त्या भावाने ती वाचायची. ती लाइन पहिल्यांदा चालली तेव्हा मी कारखाना डोक्यावर घेतला होता. मल्लिनाथ उठून हात धुऊन आला होता. त्याचा आनंद असाच असायचा.

भांडण झालं ते याच लाइनवरून. अशा लाइनच्या एका टोकाला विचारणारा असतो आणि दुसऱ्या टोकाला येणारा. माझं म्हणणं, विचारणारा माझ्या बाजूला असावा आणि त्याने त्याच्या बाजूने माझ्यात यावं. त्याचं म्हणणं, मी माझ्या बाजूने त्याच्यात. मी दोन दिवस मुद्दे मांडले. तो दोन दिवस बघतो म्हणाला. शेवटी मी बोलणंच टाकलं. त्यानेही टाकलं असावं, पण त्याच्या बाबतीत फरक कळायचा कसा?

तर त्या सकाळी तात्यांच्या घरामागच्या शेडमध्ये, चहूकडे मागांचा खडखडाट चालू असताना, आम्ही दोघं एका पेटीवर वाकलो होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो.

"तात्या," मी ओरडून म्हणाले, "यांना विचारा, धोट्याचा सेन्सर तपासलाय का."

तात्यांनी मल्लिनाथकडे बघितलं. त्याने मान हलवली.

"तपासलाय म्हनं."

"त्यांना म्हणावं, मग चूक त्यांच्याच बाजूला आहे. माझी बाजू फक्त चित्र दाखवते."

"आरं, मी काय टपालखातं हाय व्हय?" तात्या उखडले. "हितं हातभर अंतर न्हाई दोघांत. तोंडं हायत की तुम्हाला!"

मी तोंड फिरवलं. सेन्सर बदलून झाला, जोडण्या घासून पुसून झाल्या, विजेचा दाब तपासला, पेटी बंद करून पुन्हा चालू केली. दर वेळी एकच प्रकार. चालू केली की थोडा वेळ फुलं झकास. मग अचानक कुणाचं डोकं जाई, कुणाला देठं फुटत. मल्लिनाथ दर वेळी कापडावर बोट ठेवून पहिलं बिघडलेलं फूल दाखवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, माझ्यावर आळ घेतोय. मी अजूनच फुगायची.

दुपार झाली. तात्यांच्या बायकोने, काकूंनी, आतून हाक मारली. "या गं जेवायला! उपाशीपोटी बिघाड सापडत नसतोय."

स्वयंपाकघरात पाटावर बसलो. काकूंनी ताटात भाकरी, आमटी वाढली आणि वर एकेक जाड शेंगदाण्याची पोळी ठेवली. मी नको नको म्हणत होते.

"नको काय? खावाच लागंल. पलीकडच्या पद्माक्कांनी पाठवल्यात. अजून डबाभर हायत. कालची खीर तशीच हाय, परवाचे लाडू..."

"सण आहे का काही?"

"सण कुठला!" तात्यांनी कपाळावर हात मारला. "या दोघींचं चाललंय. गणपतीत पद्माक्कांनी वाटीभर गव्हाची खीर दिली. वाटी रिकामी कशी परत द्यायची, म्हणून हिनं धपाटी भरून दिली. मग त्यांनी रिकामी कशी द्यायची? त्यांनी चकल्या दिल्या. हिनं लाडू दिले. दिवाळी गेली, संक्रात गेली, पर ती वाटी काय घरात टिकंना. ह्या बाजूनं भिंतीवर ठेवली की त्या बाजूनं भरून येतीया. आता मूळ वाटी कुनाची तेबी कुनाला ठावं न्हाई. माझी साखर वाढली, डॉक्टर शिव्या घालतोय."

"मग मी तरी काय करू?" काकू वाढता वाढता थांबल्या. "त्या थांबवंनात. आणि आपण शेजारणीची वाटी रिकामी धाडायची? ह्या घरात असं कधी झालं न्हाई. त्या काय म्हनतील?"

"त्याबी तिकडं ह्येच म्हनत असतील!"

मी पोळीचा तुकडा तोंडात घातला होता, तो तसाच राहिला. ह्या बाजूनं ठेवली की त्या बाजूनं भरून येतीया. भिंत. वाटी. कोनाडा.

मल्लिनाथही जेवायचा थांबला होता. आमची नजरानजर झाली आणि बोलायचं नाही हे मी साफ विसरले.

"मल्लिनाथ, तुझ्या टोकाला कुलूप घातलंयस?"

"हो."

"कधी?"

"परवा. अण्णा म्हणाले, गिऱ्हाइकाच्या घरी चाललोय, कुणीही येऊन बटणं दाबेल, कुलूप लावून टाक."

"मलाही हेच म्हणाले!"

"तू लावलंस?"

"लावलं की! परवाच!"

हात तसेच खरकटे ठेवून आम्ही शेडकडे पळालो. मागून काकू ओरडत होत्या, "अगं, ताट टाकून कुठं?"

कारखान्यात ही लाइन तपासताना दर वेळी एका टोकाला आमच्यापैकी कुणीतरी माणूस बसलेला असायचा. आता दोन्ही टोकांना आम्ही, एकमेकांना न सांगता, एकेक पहारेकरी बसवून ठेवला होता. आलेल्याला नाव विचारायचं, पासवर्ड विचारायचा, मगच आत सोडायचं. लॅपटॉप जोडला आणि कोनाड्यातून काय येतंय-जातंय ते पडद्यावर मांडलं. रोमन अक्षरांत मराठी धो धो वाहत होतं. माझ्या पहारेकऱ्याचं बोलणं मी लिहिलेलं, त्याच्याचं त्याने.

माझा म्हणत होता, "नमस्कार! सुस्वागतम्! कृपया आपले नाव सांगावे."

त्याचा म्हणत होता, "कोण?"

माझ्याला वाटलं, पाहुण्याचं नावच 'कोण' आहे. "श्रीयुत कोण, कृपया आपला पासवर्ड सांगावा."

त्याच्याला वाटलं, हा कुणी लांबलचक नावाचा इसम आहे. "चूक. कोण?"

"क्षमस्व! पासवर्ड चुकला. कृपया आपले नाव सांगावे."

"चूक. कोण?"

"श्रीयुत चूक कोण, कृपया आपला पासवर्ड सांगावा."

आणि हे अखंड, श्वास न घेता, सकाळपासून. मल्लिनाथची बाजू तर अशी शिस्तीची की कोनाड्याची घंटा वाजली की हातातलं काम टाकून आधी दाराशी जायची. ती दाराशी असताना धोटा आडवा निघून गेलेला असायचा, धागे उचलायचे राहायचे, आणि फुलाचं डोकं जायचं. पेटी चालू केल्यावर सुरुवातीची फुलं चांगली का यायची तेही कळलं. माझी बाजू उठायला वेळ लावते. आंघोळ-पूजा आटोपून ती दाराशी येईपर्यंत त्याची बाजू निवांत काम करत होती. म्हणजे तो दर वेळी बोट ठेवून दाखवत होता ते आळ घेण्यासाठी नव्हतं. माझी बाजू उठते तेव्हाच फुलं बिघडतात, एवढंच तो सांगू पाहत होता. तोंडाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं म्हणा! पण मी तरी ऐकलं असतं का?

मी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मल्लिनाथचे खांदे गदगदत होते, आवाज मात्र नाही.

तात्या आले, वाकून वाचलं, मी समजावून सांगितलं.

"म्हंजे दोन्हीकडं राखणदार, आणि पाव्हणा कुनीच न्हाई?"

"अगदी बरोबर, तात्या."

"आनि दोघंबी मान सोडंनात."



एक पहारेकरी काढायला हवा होता. कुणाचा, हाच आठवडाभराचा वाद होता. घड्याळाचा काटा चारकडे सरकत होता. मी पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि माझे मुद्दे पुन्हा सुरुवातीपासून मांडायला तोंड उघडलं.

"माझा काढतो," मल्लिनाथ म्हणाला.

माझं तोंड उघडंच राहिलं.

"तुझ्याकडे पडदा आहे. तात्या तिथेच बघणार, लोक तिथेच येणार. दार तिकडेच असू दे. माझ्या बाजूला कोण येतंय? मी येतो तुझ्याकडे."

इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्याने खाली मान घालून कामाला सुरुवात केली. मी शेजारी उभी. काय बोलावं सुचेना, हा माझ्या आयुष्यातला दुर्मीळ प्रसंग.

पहारेकरी निघाला. पेटी पुन्हा चालू केली. माझी बाजू सावकाश उठली आणि पडद्यावर तिचं एकटीचं वाक्य उमटलं, "नमस्कार! सुस्वागतम्! कृपया आपले नाव सांगावे." पलीकडून कुणी 'कोण' म्हटलं नाही. ते वाक्य तसंच वाट बघत उभं राहिलं.

"आता तू पाहुणा होऊन ये," मी म्हणाले. "माझ्या नावाने ये, दुसरं नाव अजून केलेलं नाही. थांब, पासवर्ड सांगते..."

पण त्याने माझं नाव टाइप करून पासवर्डही टाकला होता. आणि तो आत होता. एका फटक्यात.

मी त्याच्याकडे बघितलं. पासवर्ड मी कुणालाच सांगितला नव्हता. अण्णांनाही नाही. पण तेवढ्यात तात्यांनी मागाचा दांडा ओढला, धोटा धावू लागला आणि आम्ही तिघंही कापडावर वाकलो. एक फूल आलं, डोक्यासकट. दुसरं आलं. माझी बाजू पूर्ण जागी होती, कोनाड्यातून काम लागेल तेव्हाच घंटा वाजत होती, आणि फुलामागून फूल मान वर काढून येत होतं. तात्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला, काठावरून अंगठा फिरवला. सोमवार, पुणे, तक्रारींचे फोन, सगळं त्या अंगठ्याखाली होतं.

"आता नक्षी बदल," तात्या म्हणाले.

मी पडद्यावर बोट ठेवलं. रुईफुलं थांबली आणि करवतीचे दाते सुरू झाले, न चुकता.

जॉबर पान्हे घेऊन आला तेव्हा तात्या स्टुलावर बसून सुपारी कातरत होते. "जुनी डॉबी चढवायची न्हाई," ते म्हणाले. "शेजारच्या मागावरची उतरव. तिथंबी हीच पेटी बसणार हाय."

मला रडू आलं. मी ते मागाच्या खडखडाटात खपवलं. मल्लिनाथ उठला आणि हात धुवायला गेला.

निघताना तात्यांनी डोकी उडालेल्या फुलांचा पट्टा माझ्या हातात दिला. "ठेव. भांडण झालं की काढून बघत जा." काकूंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलं. त्यांच्या हातात स्टीलची घासूनपुसून लख्ख केलेली वाटी होती.

"ह्यांनी सांगितलं मला तुमचं ते राखणदाराचं," त्या कुजबुजल्या. "मीबी म्हटलं, कुनीतरी आधी मान खाली घालायला पाहिजे. पर माझं धाडस होईना. तू ठेवून ये ना गं पद्माक्कांच्या हातात."

भिंतीपलीकडे पद्माक्का वाळवण काढत होत्या. मी वाटी दिली. त्यांनी आत बघितलं, वाटी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"काय न्हाई?"

"काही नाही."

मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "सुटले गं बाई! माझ्या फ्रिजमधी पाण्याची बाटली ठेवायला जागा उरली नव्हती! बस जरा, च्या टाकते." आणि भिंतीवरून त्यांनी मोठ्याने हाक मारली, "अवो कांबुरेकाकू, या की, मोकळ्या हातानं या!"

मल्लिनाथच्या मोटरसायकलवरून परत येताना मी बराच वेळ गप्प होते. त्याला ते जास्तच अवघड गेलं असावं, कारण त्याने आपण होऊन विचारलं, "काय झालं?"

"तुला माझा पासवर्ड कसा कळला?"

"कळायचं काय त्यात?" वाऱ्यात त्याचा आवाज जेमतेम येत होता. "कॉम्प्युटर सुरू करताना म्हणतेस. चहाला उठताना म्हणतेस. चिडलीस की म्हणतेस, जमलं की म्हणतेस. सकाळी मागापाशीसुद्धा म्हणालीस. चल बघू."

माझा पासवर्ड 'चल बघू' हाच होता.

रागवायला हवं होतं. कुलूप तोडल्यासारखंच की ते. पण मला आठवत होती ती आडभिंत. तिच्यावरून मी वर्षभर बोलत आले होते आणि समजत होते की पलीकडे भिंतच आहे. तिथे कुणीतरी सगळं ऐकत बसलेलं होतं, एकही शब्द खाली पडू न देता. पुण्याला मला का जायचं नव्हतं, ते मला त्या मोटरसायकलवर स्पष्ट कळलं. पेटीचा त्यात फारसा संबंध नव्हता. इतका आनंद झाला की मी तोंडावर ओढणी धरली.

कारखान्यात पोचल्याबरोबर तिथल्या नमुन्याच्या पेटीवर मी पासवर्ड बदलला. नियमच आहे तो, दुसऱ्याला कळला की बदलायचा. त्याला म्हटलं, "आता शोध. या वेळी ते शब्द माझ्या तोंडातले नाहीत." तो नेहमीप्रमाणे "बघतो" म्हणाला आणि घरी गेला.

सोमवारी सकाळी पुण्याला नाही कळवून मी माझ्या जागेवर येऊन बसले. आडभिंतीपलीकडे तो आधीच आलेला होता. माझ्या पडद्यावर ओळ उमटली, "नमस्कार! सुस्वागतम्! कृपया आपले नाव सांगावे." पलीकडून त्याने माझं नाव टाइप केलं. मग बोटं थांबली. बराच वेळ काही हललं नाही. मी आडभिंतीकडे बघत होते आणि बोलत नव्हते, एक अक्षरही.

मग पलीकडे एकदाच हसू फुटलं, चक्क आवाजासकट, आणि पाच-सहा अक्षरं टाइप झाली, आणि दार उघडलं.

मी ठेवलेला नवा पासवर्ड होता, 'बघतो'.